कुणी तांबट, कुणी शिंपी

आपल्याकडे मुलाची पाखरांशी पहिली ओळख होते ती जेवणाच्या ताटावर. एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत पोर वरणभात संपवतं आणि धड बोलता येण्याच्या आत दोन पक्ष्यांची नावं त्याच्या पोटात गेलेली असतात. पुढं शेणाचं घर आणि मेणाचं घर येतं. तिथंच बहुतेक घरांमधलं पक्षीशिक्षण संपतं. कारण त्यानंतर मूल शाळेत जातं आणि भिंतीवरचा तक्ता त्याला 'पी फॉर पेंग्विन' आणि 'ओ फॉर ऑस्ट्रिच' शिकवू लागतो. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले, तेव्हा त्यांच्या काचेपुढं रांगा लागल्या. त्याबद्दल तक्रार नाही. मुलांना पेंग्विन आवडावा असाच तो आहे. 'एफ फॉर फ्लेमिंगो' तर आपल्याकडचाच, भिगवणला हिवाळ्यात दिसणारा. फक्त त्याचं रोहित हे नाव त्या तक्त्यावर नसतं. पण बावधन-हिंजवडीच्या सातव्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्यावर रोज सकाळी येऊन बसणारा, डोक्यावर काळी टोपी आणि शेपटीखाली लाल ठिपका असलेला तो कोण, असं त्याच मुलाला विचारलं तर उत्तर येतं, "बर्ड."

तो लालबुड्या बुलबुल. नावातच सगळं आलं. एकदा ऐकलं की मूल हसतं, आणि हसलं की विसरत नाही.

मी पक्षितज्ज्ञ नाही. हयात बँकेत गेली आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. परंतु नव्वदच्या आसपास तीन वर्षं मुळशी तालुक्यात नेमणूक होती आणि पीककर्जाच्या तपासणीसाठी मोटारसायकलवरून वाड्यावस्त्यांवर हिंडावं लागे. उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या वरिष्ठ कार्यालयाचं परिपत्रक येई, की खरीप कर्जवाटप वेळेत सुरू करावं. शेतकऱ्यांना त्या परिपत्रकाची गरज नव्हती. त्यांचं परिपत्रक आंब्याच्या झाडावरून आधीच आलेलं असे. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं एकेक सूर चढवत, अगदी गळा फाटेस्तोवर ओरडणारा पावशा. हाच पक्षी उत्तरेत गेला की 'पी कहाँ' म्हणतो, म्हणजे विरहिणीच्या बाजूनं बोलतो. इंग्रज साहेबाला त्याच ओरडण्यात 'ब्रेन फीव्हर' ऐकू आलं. मे महिन्यात दुपारची झोपमोड झालेल्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार! पक्षी एक, आवाज एक. ज्यानं त्यानं आपापली काळजी त्यात ऐकली. आपल्या लोकांनी शेत ऐकलं.

पक्ष्यांची मराठी नावं ही नुसती नावं नाहीत, पक्षी ओळखायच्या खुणा आहेत, हे तिथं माझ्या लक्षात आलं. ज्यानं नाव ठेवलं त्यानं आधी तासन् तास पाहिलं होतं, ऐकलं होतं. त्या पाहण्याचा अर्क नावात उतरला. लहान मुलाला पक्ष्यांची ओळख करून द्यायची तर याहून चांगलं पाठ्यपुस्तक मिळणार नाही, आणि ते फुकट आहे.

तांबट घ्या. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी ज्यांनी ऐकली आहे (मी पाहिली आहे असं म्हणत नाही, ऐकली आहे असंच म्हणतो) त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. भर उन्हात उंबरावरून किंवा वडावरून टुक्, टुक्, टुक् असा एका लयीत घण पडत राहतो. मुलाला आधी तो आवाज मोजायला सांगावा. तीस, चाळीस, पन्नास. मुलं दमतात, तांबट दमत नाही. मग झाडात शोधायला लावावं. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, कपाळ लाल, गळा पिवळा, त्याखाली लाल पट्टा. सापडला की गंमत दाखवावी: तो ओरडतो तेव्हा त्याची चोच मिटलेली असते आणि गळा फुगत असतो. मोठ्यांनासुद्धा हे पाहून आश्चर्य वाटतं.

शिंपी तसाच. कडीपत्त्याच्या किंवा जास्वंदीच्या झुडपात शेपटी ताठ उभी करून फिरणारा अंगठ्याएवढा जीव, आवाज मात्र दहापट मोठा. मोठं पान दुमडून, कडेला चोचीनं भोकं पाडून, कापसाच्या किंवा कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यानं ते शिवतो आणि त्या खिशात घरटं करतो. सुतार झाडाच्या खोडाला उभा चिकटतो आणि ताठ शेपटीचा टेकू लावून ठोकत बसतो. परीट, म्हणजेच धोबी, पाण्याकाठच्या दगडावर उभा राहून सारखी शेपटी आपटतो, धुणं आपटावं तशी. कोतवाल काळाकुळकुळीत, शेपटी माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली. आपल्या झाडाच्या हद्दीत कावळा काय, घार आली तरी तिच्या अंगावर धावून जातो. या बंदोबस्ताचा फायदा घेऊन होले, बुलबुल, हळद्या अशी भित्री मंडळी त्याच झाडावर घरटी करतात, हे कळलं की मुलांना तो फार आवडू लागतो. भल्या पहाटे बोलणारा पिंगळा, पंख्यासारखी शेपटी फुलवून नाचणारा नाचण, गवतात अखंड बोलत राहणारा वटवट्या. जुन्या गावातले बलुतेदार आणि वल्ली झाडांवर जाऊन बसले आहेत असंच वाटतं. गावातले तांबट-परीट आता मुलांना पाहायला मिळत नाहीत, तेव्हा हल्ली हा धडा उलटा शिकवावा लागतो: पक्ष्यावरून धंदा समजावून सांगायचा. नातवंडांना तांब्याचा हंडा कसा ठोकून करतात हे मी पक्ष्यापासून सुरू करून सांगितलं आहे.

नावं सगळी बिनचूक आहेत असं मात्र नाही. सुगरण म्हणून आपण जिचं कौतुक करतो, बहिणाबाईंमुळं जी मराठी घराघरांत पोचली, तिचा तो लोंबता खोपा विणतो नर. तो अर्धा खोपा विणून मादीला बोलावतो. ती आत-बाहेर करून, टोचून-ओढून पाहते आणि पसंत पडला तरच राहते. नाही तर बिचारा दुसरा विणायला घेतो. बाभळीवर अर्धवट सोडलेले खोपे दिसतात ते बहुतेक अशा नापसंतीचे. कोकिळेचंही तेच. 'कुहू' करतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी अंगावर पांढरे ठिपके मिरवणारी, तिला धड गाता येत नाही. गाणाऱ्या बाईला आपण कोकिळा म्हणतो, ते म्हणत राहू. पण मुलांना खरं काय ते सांगावं. पौड भागातल्या एका शाळेत हे सांगितलं तेव्हा चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, "मग त्याला सुगरणा म्हणायचं." वर्गानं एकमतानं ठराव मंजूर केला.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बाहेर पडायचं तर दुर्बीण घेऊ नये. लहान हातांना ती स्थिर धरता येत नाही आणि सगळा वेळ दुर्बिणीच्या मागं भांडण्यात जातो. पहिले काही रविवार नुसत्या चालीवर घालवावेत. चिमणी दोन्ही पायांवर टुणटुण उड्या मारते, साळुंकी माणसासारखी एकामागून एक पाय टाकत चालते, कावळा दोन्ही करतो. हे मुलांना अंगणात करून दाखवायला लावावं; पक्षीनिरीक्षणाचा हा भाग सर्वांत लोकप्रिय आहे. मग चोच. दाणे फोडणाऱ्या चिमणीची जाड आणि आखूड, फुलात खुपसणाऱ्या शिंजीराची बाकदार सुई, खंड्याची सुऱ्यासारखी, पोपटाची अडकित्त्यासारखी. घरातल्या हत्यारांशी जोड्या लावता आल्या की पुढं अनोळखी पक्षी दिसला तरी हा काय खात असेल याचा अंदाज मूल आपणहून बांधतं. चिमण्यांत काळी दाढी असलेला तो नर, ही खूण सांगितली की दोन दिवस मुलं दुसरं काही बघत नाहीत. वीस मार्चला जगभर चिमणी दिवस पाळतात आणि ती कल्पना नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांची, २०१० पासूनची, हेही सांगून ठेवावं.

आणि नाव लगेच सांगू नये. मुलाला आधी स्वतःचं नाव ठेवू द्यावं. डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेल्या बुलबुलाला माझ्या नातवानं 'हेल्मेटवाला' म्हटलं. त्याचं मराठी नाव शिपाई बुलबुल आहे हे ऐकल्यावर आपण जवळपास पोचलो होतो याचा त्याला कोण आनंद! पावशाचं उदाहरण जरा मोठ्या मुलांसाठी. हा दिसतो थेट शिक्र्यासारखा. छोटे पक्षी ससाणा आला म्हणून घाबरतात, आणि हा सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून मोकळा होतो. सातभाई घोळक्यानं पाचोळा उलटत, सतत भांडल्यासारखे बोलत फिरतात, एकत्र कुटुंब. इंग्रजीत त्यांच्या सात बहिणी होतात. भाऊ की बहिणी यावर एकदा मुलांमध्ये चांगला अर्धा तास वाद झाला.

दोन पावसाळ्यांपूर्वी नातवाला घेऊन मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला गेलो होतो. माझे जुने एक खातेदार तिथं अजून भात लावतात. वय ऐंशीच्या पुढं. बांधावर आम्ही तिघं उभे. नातू म्हणाला, "आजोबा, इथं काहीच नाहीये."

म्हातारबाबांनी त्याचा दंड हलकेच धरला. "हालू नको बाळा. त्या बांधाच्या कडंला ढेकळावानी काय दिसतंय ते बघ."

"दगड आहे."

"बरं. दगडाकडं बघत ऱ्हा."

मिनिटभरानं दगडानं मान लांब केली. नातवाचा श्वास अडकला. त्यानं एक पाऊल टाकलं मात्र, आणि ते मातकट ढेकूळ पांढऱ्याशुभ्र पंखांनी उडून पलीकडच्या खाचरात गेलं; तिथं उतरून पंख मिटले आणि पुन्हा दिसेनासं झालं.

"ढोकरी हाय ती," बाबा म्हणाले. "पंख मिटलं की माती, उघडलं की दूध."

पुस्तकात तिचं नाव वंचक. परतताना नातवानं अर्थ विचारला. फसवणारा, म्हटलं. "कुणाला फसवते?" बेडकांना, माशांना. थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "आणि मला." त्यानंतर शाळेच्या बसमधूनही नाल्याकाठचे दगड तो तपासत असतो.

मूल प्रश्न विचारतं तेव्हा मोठं माणूस काय करतं, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. सलीम अली दहाएक वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे एवढं त्या मुलाला कळलं. ज्यांनी त्याला सांभाळलं त्या मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना, तिचं नाव सांगता येईना. पण त्यांनी 'चिमणीच आहे, जा खेळ' असं म्हटलं नाही. चिठ्ठी देऊन त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पोराला बसवून घेतलं, पिवळ्या गळ्याची ती रानचिमणी कोणती ते सांगितलं, आणि कपाटं उघडून पक्ष्यांचा सगळा संग्रह दाखवला. सलीम अलींनी आत्मचरित्राचं नावही त्या चिमणीवरून ठेवलं. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १९४१ साली निघालं आणि पुढं कित्येक पिढ्या ते हातात घेऊन रानोमाळ हिंडल्या.

त्यातलाच एक मुलगा पुण्यातला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा मुलगा माधव. वेडा राघू हा चिमणीएवढा हिरवा पक्षी तारेवरून झेप घेतो, हवेतली माशी टिपतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. या येरझाऱ्यांमुळं तो वेडा ठरला. त्याच्या शेपटीतून दोन बारीक पिसं तारेसारखी बाहेर आलेली असतात. शाळकरी माधवला काही वेडे राघू या तारांशिवाय दिसले. पुस्तकात तर तारा होत्या. वडील स्वतः पक्षीप्रेमी. त्यांनी सुचवलं, की थेट सलीम अलींनाच विचार. पोरानं पत्र टाकलं आणि उत्तर आलं: पिसं गळून नवी येण्याच्या काळात त्या तारा झडतात. माधव गाडगीळांनी ही आठवण पुढं स्वतः सांगितली आहे. सह्याद्रीच्या रानांसाठी आणि देवरायांसाठी त्यांनी आयुष्यभर जे केलं ते आपल्याला ठाऊक आहे. मिलार्डनी एका मुलाला उत्तर दिलं, त्या मुलानं मोठेपणी दुसऱ्याला.

आता हे उत्तर मोबाईल देतो. पक्षी ओरडला, फोन पुढं धरला, की पडद्यावर नाव उमटतं, बहुधा इंग्रजी. सोय मोठी आहे. मीही ती वापरतो. पण मुलाच्या हातात ती दिली की नाव मिळताक्षणी त्याचं पाहणं थांबतं, हे अनेकदा पाहिलं आहे. त्याहून वाईट म्हणजे फोनवर पक्ष्याचाच आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणं. विणीच्या दिवसांत तो पक्षी आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला म्हणून घरटं सोडून धावत येतो. फोटो चांगला निघतो.

आणखी एक अवघड गोष्ट सांगायला हवी. नव्वदच्या सुमारास वाड्यांवर पक्ष्यांची सगळ्यांत बारीक माहिती कुणाला होती, तर खिशात बेचकी असलेल्या पोरांना. कोण कुठल्या झाडावर कधी येतो, कुणाचं घरटं कुठं, कोण किती जवळ येऊ देतो, सगळं त्यांना पाठ. सलीम अलींची सुरुवातही बंदुकीपासूनच झाली. १९७२ च्या कायद्यानं रानपाखरं मारायला बंदी आहे, पिंजऱ्यात आपला देशी पोपट ठेवायलाही. ते योग्यच आहे. पण बेचकीबरोबर ती माहितीही गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. वाड्यांवरची मुलंही आता इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून जातात. त्यांच्या तक्त्यावरही पेंग्विनच आहे.

मुळशीच्या लोकांना बुडणं ठाऊक आहे. शंभर वर्षांमागं टाटांच्या धरणासाठी इथली गावं पाण्याखाली गेली. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, हरले. पण त्या बुडालेल्या गावांची नावं म्हातारी माणसं अजून घेतात. अमक्याचं घर तिथं, तमक्याची देवराई तिथं, असं पाण्याकडं बोट करून दाखवतात. पाखरांचं उलटं चाललं आहे. पाखरू समोर बसलेलं असतं, नाव बुडालेलं असतं. ताम्हिणीत पावसाळ्यात ओढ्याकाठी पहाटे कुणी वाट चुकलेलं पोर शीळ घालत जावं तसा शीळकरी कस्तूर गातो. इंग्रजांनीही त्याला शीळ घालणारा शाळकरी असंच म्हटलं. २०१३ साली तिथं अभयारण्य झालं. रविवारी धबधब्यापाशी थांबलेल्या गाड्यांतून मात्र एवढ्या मोठ्यानं गाणी लावलेली असतात, की आत बसलेल्या मुलांना तो ऐकू येण्याची सोय नाही.

नावं गोळा करणारा मोठा माणूस आपल्याकडं होऊन गेला. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते, पण ती नोकरी त्यांनी भाषेचीही केली. आदिवासी, धनगर, कोळी, ज्याच्या तोंडी जो शब्द सापडला तो टिपून ठेवला आणि मराठीला पक्षीकोश दिला. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार हे शब्द त्यांचेच. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोहोंमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्र सरकार पक्षी सप्ताह म्हणून पाळतं. शाळांतून भित्तिपत्रकं होतात, भाषणं होतात. तेवढ्यानं काही बिघडत नाही.

सुगरणा शब्द काढणाऱ्या त्या वर्गात आम्ही एक वही केली आहे. मुलांनी पक्षी पाहायचा, आपलं नाव ठेवायचं, मग घरी जाऊन आजा-आजीला तो कसा दिसतो, कसा ओरडतो, कसा चालतो हे करून दाखवायचं आणि त्यांनी सांगितलेलं नाव शेजारच्या रकान्यात लिहायचं. पुस्तकातलं नाव सगळ्यांत शेवटी. भारद्वाजापुढं मुलांनी लिहिलं आहे 'तपकिरी कोट', आणि घरून आलं आहे कुक्कुडकोंबा. ढोकरी आहे, पावशा आहे. टिटवीपुढं एकीच्या आजीनं पाऊणपान सांगून लिहून घेतलं आहे: ती अंडी उंचवट्यावर घालते की सखल जागी, यावरून पाऊस कसा पडेल ते त्यांच्याकडं ठरवत. भाताच्या लोंब्यांवर थव्यानं उतरणाऱ्या, जाड चोचीच्या एका चिमुकल्या पक्ष्यापुढं मात्र मधला रकाना अजून कोरा आहे. पुस्तकात ती मुनिया. वर्गातल्या कुणाच्याच घरी नाव निघालं नाही. एका मुलाची पणजी धरणापलीकडच्या वाडीत असते. तिला कमी ऐकू येतं, म्हणून तो पक्ष्याचं चित्र काढून घेऊन दिवाळीच्या सुट्टीत तिकडं जाणार आहे.